परळीच्या हवेची सूट कुणी मागितली होती?

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातल्या कोळशावर चालणाऱ्या सुमारे ७८ टक्के वीजसंचांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळं केलं. या यादीत परळीचं थर्मलही आलं. बीड जिल्ह्यात त्याची फारशी चर्चा झाली नाही. तो पावसाळा आधी पेरणीच्या आणि मग अतिवृष्टीच्या चिंतेत गेला. दिल्लीतल्या एका राजपत्राने आपल्या श्वासाबद्दल काय ठरवलं, हे वाचायला सवड कुणाला होती?

निर्णयाचं समर्थन मात्र जोरात झालं. आपल्या कोळशात गंधक कमी असतो, धुराडी उंच आहेत, धुरातला सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवायची तर २ लाख ५४ हजार कोटी रुपये लागतील आणि वीज महाग होईल, असं सांगण्यात आलं. सगळ्यात शेवटचा मुद्दा असा की या यंत्रणेमुळे कार्बन डायऑक्साइड वाढेल, म्हणून हवामानाच्या भल्यासाठीच ती नको. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. हवामान बदलाचे चटके सोसणाऱ्या दुष्काळी जिल्ह्याला त्याच हवामानाचं कारण सांगून दूषित हवा घ्यायला लावायची, हे मुकाट्याने मान्य करण्यासारखं नाही. हे सगळे मुद्दे तपासून पाहिले पाहिजेत.

आधी नियम काय होता ते पाहू. ७ डिसेंबर २०१५ रोजी पर्यावरण मंत्रालयानेच औष्णिक वीज केंद्रांसाठी नवी मानकं जाहीर केली. धुळीचे कण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, पारा आणि पाण्याचा वापर, अशा सगळ्यांना त्यात मर्यादा होत्या. परळीत आज महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत, क्रमांक ६, ७ आणि ८. १९७१ पासून उभे राहिलेले जुने संच केव्हाच बंद झाले. या तिन्ही संचांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा होती धुराच्या दर घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम. मोठ्या आणि नव्या संचांना याहून कडक मर्यादा होत्या. म्हणजे परळीकडून जगावेगळं काही मागितलेलं नव्हतं. पूर्ततेसाठी दोन वर्षं दिली होती.

पुढचा इतिहास तारखांचा आहे. डिसेंबर २०१७ ची मुदत आली तेव्हा हा वायू रोखणारी यंत्रणा जवळजवळ कुठेच बसली नव्हती. मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये संचांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली आणि 'क' वर्गाला डिसेंबर २०२४ मिळाला. २०२२ मध्ये तो डिसेंबर २०२६ झाला. ३० डिसेंबर २०२४ ला तो डिसेंबर २०२९ झाला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत 'क' वर्गावरची मर्यादाच गेली. धुराड्याच्या उंचीची अट पाळली की काम भागलं. २०२५ च्या सुरुवातीला, म्हणजे नियम होऊन नऊ वर्षं उलटल्यावर, यंत्रणा बसवायच्या ५३७ संचांपैकी ती प्रत्यक्ष बसली होती फक्त ३९ संचांवर.

एखादा नियम उघड विरोध करून मोडता येत नसेल तर त्याला मुदतवाढ देत देत थकवता येतं. खासगी वीज कंपन्यांच्या असोसिएशन ऑफ पॉवर प्रोड्युसर्स या संघटनेने वर्षानुवर्षं मुदतवाढ मागितली. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ती मागणी आपली मानून पर्यावरण मंत्रालयापुढे ठेवली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२० मध्ये सरसकट एक मर्यादा नको, जागेप्रमाणे वेगळी मर्यादा ठेवा, असा प्रस्ताव मांडला. पुढच्याच वर्षी वर्गवारी आली आणि तिथून सुटकेची वाट मोकळी झाली. यात बेकायदेशीर काही नाही. आपली अडचण सरकारपुढे मांडण्याचा हक्क कंपन्यांना आहेच. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या वर्षांत टेबलाच्या एका बाजूला कंपन्यांचे तज्ज्ञ, वकील आणि अख्खं ऊर्जा मंत्रालय होतं. दुसऱ्या बाजूला परळी केंद्राजवळच्या दादाहरी वडगावच्या शेतकऱ्यासाठी खुर्चीच ठेवलेली नव्हती.

ही वर्गवारी परळीच्या माणसाने नीट समजून घेतली पाहिजे. राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेला संच 'अ' वर्गात. अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेची मानकं न पाळणारं शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर 'ब'. बाकी सगळे 'क'. महानिर्मितीचं नागपूरजवळचं कोराडी 'अ' मध्ये येतं, चंद्रपूर 'ब' मध्ये आणि परळी 'क' मध्ये. कंपनी एकच आहे आणि जळतो तोही तसाच देशी कोळसा. तरी नागपूरकरांसाठी २०२७ ची मुदत कायम आहे, चंद्रपूरचा विचार तज्ज्ञ समिती स्वतंत्रपणे करणार आहे आणि परळीचा विचारच संपला आहे. फरक इतकाच की परळीभोवती दहा लाख लोक राहत नाहीत. विषारी वायू नागपूरच्या मुलाला जितका बाधतो तितकाच तो परळीच्या मुलालाही बाधतो. वस्ती विरळ आहे म्हणून संरक्षण कमी, हे तत्त्व कुठल्या कायद्यात बसतं, हे मंत्रालयाने सांगायला हवं.

आता मुद्दे घेऊ. पहिला, आपल्या कोळशात गंधक कमी. हे खरं आहे. साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. पण त्याच कोळशात राख ३५ ते ४५ टक्के असते आणि उष्णता कमी, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो. हिशोब कुणालाही करता येईल. एक किलो कोळशात ०.४ टक्के गंधक धरला तर ४ ग्रॅम गंधक आणि त्यापासून सुमारे ८ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. त्या किलोचा धूर होतो साधारण पाच-सहा घनमीटर. म्हणजे दर घनमीटरला तेराशे ते सोळाशे मिलिग्रॅम. थोडा गंधक राखेत राहतो म्हणून आकडा जरा खाली आणा, तरी तो ६०० च्या दुपटीच्या आसपास राहतो. 'कमी गंधक' म्हणजे 'मर्यादेत' नव्हे. कोळसा मर्यादेत बसत असता तर मर्यादा काढून टाकण्यासाठी एवढी वर्षं खपावं लागलं नसतं.

दिवसाचा हिशोबही करून पाहू. ७५० मेगावॉटचं केंद्र साठ टक्के क्षमतेने चाललं आणि एका युनिटला सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला साडेसात हजार टन कोळसा जळतो. ०.४ टक्क्याने त्यातून रोज साठ टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड निघतो. हा माझा ढोबळ अंदाज आहे. नेमका आकडा धुराड्यावर बसवलेल्या सतत मोजणाऱ्या यंत्रात असतो. तो परळीच्या चौकात रोज झळकला पाहिजे, ही मागणी मी पुढे करणारच आहे.

दुसरा मुद्दा उंच धुराड्यांचा आणि हवेतल्या मोजमापाचा. केंद्राजवळची हवा मोजली तर सल्फर डायऑक्साइड ८० मायक्रोग्रॅमच्या राष्ट्रीय मर्यादेत सापडतो, असं सांगितलं जातं. सापडेलही. उंच धुराडं बांधायचं ते धूर लांब फेकण्यासाठीच. पण हा वायू हवेत गेला की संपत नाही. तो हवेतल्या ओलाव्याशी आणि अमोनियाशी मिळून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनवतो. हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसात खोलवर उतरतात. केंद्राच्या भिंतीपाशी वायू मोजून हवा चांगली ठरवायची आणि अंबाजोगाई, गंगाखेड, लातूरपर्यंत जाणाऱ्या कणांचा हिशोबच करायचा नाही, ही तपासणी अर्धवट आहे.

हा युक्तिवाद नवाही नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोळसा वीज कंपन्यांनी हेच सांगितलं होतं. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या बलाढ्य कंपनीने १९७४ मध्ये वर्तमानपत्रांतून मोठी जाहिरात मोहीम चालवली. धूर धुणारी यंत्रं निरुपयोगी आणि महागडी आहेत, उंच धुराडी पुरेशी आहेत, असा तिचा सूर होता. उंच धुराड्यांनी शेजारचं प्रदूषण लांबच्या राज्यांत आम्लवर्षा म्हणून पोचवलं. १९७७ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि केवळ उंचीच्या जोरावर मिळणारी सवलत थांबवली. त्याच कंपनीच्या ओहायोतल्या गॅविन केंद्रावर १९९० च्या दशकात ती यंत्रं बसली. पन्नास वर्षांपूर्वी तिथे खोटा ठरलेला युक्तिवाद आज आपल्याकडे नियम म्हणून छापला जातो. चीनने २००५ नंतर आपल्या कोळसा केंद्रांवर ही यंत्रणा झपाट्याने बसवली आणि तिथलं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन मोठ्या प्रमाणात खाली आलं. आज या वायूच्या उत्सर्जनात भारत जगात सगळ्यात पुढे आहे.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याच राज्यात डहाणू आहे. तिथलं केंद्र २५० मेगावॉटच्या दोन संचांचं, म्हणजे परळीच्याच मापाचे संच. परवानगी देताना गंधक काढणाऱ्या यंत्रणेची अट होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला हिरवा कंदील दिला, पण परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय ती अट सैल करू नये, असं बजावलं. चिकूच्या बागा, आदिवासी पाडे आणि स्थानिक पर्यावरण गट यांनी पाठपुरावा सोडला नाही. न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनी वर्षानुवर्षं टाळत राहिली, न्यायालयात गेली. प्राधिकरणाने बँक हमी मागितली तेव्हा काम हललं आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. वीज कंपनी बुडाली नाही, मुंबईची वीज बंद पडली नाही. डहाणूच्या चिकूला जे मिळालं ते परळीच्या ज्वारी-कापसाला आणि माणसांना का मिळू नये? डहाणूत आणि परळीत फरक एकच. डहाणूत कंपनीसमोर बसायला लोकांच्या बाजूचं अधिकार असलेलं प्राधिकरण होतं.

तिसरा मुद्दा पैशाचा. मेगावॉटला १ कोटी २० लाख हा सरकारचाच दर धरला तर परळीच्या ७५० मेगावॉटला ९०० कोटी लागतील. रक्कम मोठी आहे, ती नाकारून उपयोग नाही. पण ३० मे २०१८ रोजीच ऊर्जा मंत्रालयाने वीज नियामक आयोगाला सांगितलं होतं की हा खर्च 'कायद्यातील बदल' समजून दरातून वसूल करू द्यावा. म्हणजे कंपन्यांच्या खिशाला कायमचा भार पडणार नव्हता. युनिटमागे काही पैसे ग्राहकाने द्यायचे होते. आज ते पैसे बिलात दिसत नाहीत म्हणून वीज स्वस्त वाटते. तोच खर्च दमेकरी म्हाताऱ्याच्या औषधांत, पोराच्या छातीच्या एक्सरेत आणि बुडालेल्या मजुरीत भरावा लागतो. तो देतो परळीचा माणूस. वीज वापरतं सगळं राज्य.

या केंद्राजवळच्या गावात एकदा सकाळी जाऊन पाहा. राखेचे हायवा रस्त्याने गेले की मागे पांढुरकी धूळ उठते आणि दुकानदार तिसऱ्यांदा फळी पुसतो. वाळत घातलेले कपडे बायका झटकून मगच घडी करतात. गच्चीवर पापड घालायचे तर आधी वाऱ्याची दिशा बघतात. राख वापरून संपवण्याचा नियम १९९९ चा आहे. २००३, २००९, २०१६ आणि २०२१ मध्ये तो बदलला आणि शंभर टक्के वापराची तारीख दर वेळी पुढे सरकली. राखेच्या बाबतीत जे झालं तेच गंधकाच्या बाबतीत झालं. डोळ्यांना दिसणाऱ्या राखेचीही दाद लागत नाही, तिथे न दिसणाऱ्या वायूची कुठून लागणार?

आता चौथा मुद्दा, हवामानाचा. सरकारने पुढे ठेवलेला आकडा असा की सगळीकडे ही यंत्रणा बसवली तर २०२५ ते २०३० या काळात ६ कोटी ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड जास्त निघेल. चुनखडीच्या खाणी, वाहतूक आणि यंत्रणेला लागणारी वीज त्यात धरली आहे. आकडा ऐकून माणूस दबकतो. पण भारताचं वीज क्षेत्र वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. पाच वर्षांचे पाचशे कोटी टनांहून जास्त. त्यात ६ कोटी ९० लाख म्हणजे एक-सव्वा टक्का. त्याच अंदाजानुसार त्या बदल्यात १ कोटी ७० लाख टन सल्फर डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचला असता. सगळ्यात जुने, कोळसा जास्त खाणारे काही संच वेळेवर बंद केले तरी तो एक-सव्वा टक्का भरून निघतो.

कार्बनची एवढी काळजी खरी असती तर ती बाकी धोरणातही दिसली असती. याच केंद्र सरकारने २०३१-३२ पर्यंत कोळशाची किमान ८० हजार मेगावॉट नवी क्षमता उभारण्याचं जाहीर केलं आहे. नवा कोळसा जाळताना कार्बन आडवा येत नाही आणि जुना धूर धुवायचा म्हटलं की येतो. हा युक्तिवाद हवामानासाठी केलेला नाही. तो सवलतीसाठी केलेला आहे.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा मांडला जातो. सल्फेटचे कण सूर्यकिरण परतवतात, त्यामुळे थोडा गारवा राहतो, ते काढले तर तापमान वाढेल. विज्ञान म्हणून पहिला भाग खरा आहे. पण सल्फेट हवेत काही दिवस टिकतं आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. दोन्ही एकाच धुराड्यातून निघतात. शिवाय मराठवाड्याने लक्षात ठेवावी अशी बाब याच कणांच्या अभ्यासातून पुढे आली आहे. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियातला मोसमी पाऊस कमजोर होण्यामागे मानवनिर्मित सूक्ष्म कणांचा परिणाम प्रमुख होता. पावसाच्या एकेका सरीकडे डोळे लावून बसणाऱ्या, ऊसतोडीसाठी दरवर्षी घरदार सोडणाऱ्या जिल्ह्याला हे कण म्हणजे गारव्याची छत्री आहेत, असं कुणी सांगू नये.

यंत्रणेविरुद्धचा एक आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. धूर धुण्याच्या ओल्या पद्धतीला पाणी लागतं. परळीत पाणी कुठे आहे? २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून हे अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. तेव्हा कंत्राटी कामगारांच्या घरात काय झालं ते परळीला माहीत आहे. त्या काळात प्यायला पाणी नव्हतं, थर्मलला कुठून देणार? म्हणून ओली पद्धत परळीला सोयीची नाही, हे मला मान्य आहे.

पण २०१५ च्या नियमाने एकच यंत्र सक्तीचं केलेलं नव्हतं. त्याने मर्यादा ठरवली होती. ती कशी गाठायची हे कंपनीने ठरवायचं होतं. धुराच्या नळीत सोडियम बायकार्बोनेटसारखी कोरडी भुकटी फवारून गंधक पकडण्याची पद्धत आहे. तिला पाणी जवळजवळ लागत नाही, भांडवली खर्च बराच कमी येतो आणि ती लहान संचांसाठीच योग्य मानली जाते. एनटीपीसीने दिल्लीजवळच्या दादरी केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचांवर ती वापरली आहे. ६०० ची मर्यादा गाठायला ती पुरू शकते. भुकटीमुळे राखेची प्रत बदलते आणि भुकटीचा खर्च चालूच राहतो, या अडचणी खऱ्या आहेत. त्यांचं गणित उघडपणे मांडा. २५० मेगावॉटच्या संचाला पाण्याविना पर्याय असताना 'पाणी नाही, पैसा नाही, म्हणून मर्यादाच नको' हा निष्कर्ष निघत नाही.

थर्मलवर परळीची बाजारपेठ, मजुरी, वीटभट्ट्या आणि वाहतूक चालते, त्यामुळे तक्रार करणाऱ्याला 'थर्मल बंद पाडायचं का?' असं विचारलं जातं. मी बंद पाडायला सांगत नाही. जे केंद्र चालतं ते नियमात चालावं, एवढंच म्हणतो. संच चालवायचे असतील तर धूर मर्यादेत ठेवा. खर्च परवडत नसेल तर कोणता संच कोणत्या वर्षी बंद होणार ते आत्ताच जाहीर करा आणि तिथल्या कामगारांसाठी पुढची सोय उभी करायला लागा. बीडच्या डोंगरपट्ट्यावर पवनचक्क्या फिरत आहेत, सौर प्रकल्प येत आहेत. त्यात परळीच्या प्रशिक्षित कामगाराला हक्काचं काम मिळेल अशी योजना सरकार करू शकतं. सूट देऊन ढकललेला प्रश्न कामगारालाही वाचवत नाही. तो त्याच धुरात ठेवतो आणि शेवटी एक दिवस नोटीस देतो.

म्हणून मागण्या साध्या आणि मोजता येण्यासारख्या आहेत. परळीच्या तिन्ही संचांच्या धुराड्यांतून सतत मोजले जाणारे आकडे रोज, मराठीत, शहरातल्या फलकावर लावावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने परळी, दादाहरी वडगाव आणि अंबाजोगाई इथे सल्फेटसह सूक्ष्म कणांचं वर्षभर मोजमाप करावं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडून केंद्राभोवतालच्या गावांचं श्वसनरोगांचं सर्वेक्षण करून घ्यावं. महानिर्मितीने कोरड्या पद्धतीचा खर्च आणि वेळापत्रक यांचा अहवाल जनसुनावणीत मांडावा, आणि ती सुनावणी परळीतच व्हावी. बीडच्या खासदाराने संसदेत आणि आमदारांनी विधानसभेत एक प्रश्न विचारावा: दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांना वेगळी फुप्फुसं असतात, याचा कोणता पुरावा सरकारकडे आहे?

ही सूट परळीच्या शेतकऱ्याने, कामगाराने किंवा शाळेतल्या मास्तरांनी मागितली नव्हती. ज्यांनी मागितली त्यांना ती मिळवायला दहा वर्षं लागली, आणि ती त्यांनी चिकाटीने मिळवली. आपल्याला ती रद्द करून घ्यायची असेल तर तेवढीच चिकाटी लागेल. ग्रामसभेचा ठराव हा तिचा पहिला कागद आहे, आणि तो करायला कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.